शिकलगारांच्या हातचे तंबोरे

मुकुंदवाडीच्या स्टेशनावरून मनमाडकडे जाणारी गाडी धरली, की शहराचं मोठं स्टेशन मागे पडतं आणि पुढचा थांबा दौलताबादचा. आज आपण तिथे किल्ला पाहायला जातो. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात हीच देवगिरी यादवांची राजधानी होती आणि राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. त्याचे आजोबा काश्मीरमधून दक्षिणेत आले. वडील सोढल हेही यादवांच्या सेवेत होते. शार्ङ्गदेवाकडे राज्याच्या हिशेबाचं काम होतं. त्या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. भारतीय संगीताचं शास्त्र सांगणाऱ्या ग्रंथांत त्याच्या तोडीचे फार थोडे आहेत, आणि हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही पद्धती त्याला आपला मानतात.

सात अध्यायांच्या या ग्रंथाचा सहावा अध्याय वाद्यांचा आहे. मराठवाड्यातल्या वाचकाने तो एकदा तरी उघडून पाहावा, ग. ह. तारळेकरांनी रत्नाकर मराठीत आणलेला आहे. एकतंत्री, नकुला, त्रितंत्रिका, चित्रा, विपंची, एकवीस तारांची मत्तकोकिला, आलापिनी, किन्नरी, पिनाकी अशा वीणा तिथे एकेक करून येतात. ‘निःशंक’ हे शार्ङ्गदेवाने स्वतःला लावलेलं बिरुद. त्याच नावाची एक वीणाही त्यात आहे. एकतंत्रीचं वर्णन तर एखाद्या कारागिराच्या शेजारी बसून लिहून घेतल्यासारखं आहे. दांडी खैराच्या लाकडाची, तीन हात लांब, आतून पोकळ. खाली भोपळा. तार जिच्यावरून जाते ती धातूची पत्रिका, कासवाच्या पाठीसारखी मधोमध किंचित फुगीर. आणि तार व पत्रिका यांच्यामध्ये सरकवायची ती ‘जीवा’, म्हणजे पिकलेल्या बांबूच्या सालीची बारीकशी कपची. ती नेमक्या जागी बसली की तारेचा नाद भरून येतो, गुंजत राहतो.

तंबोरा लावताना ज्याने तारेखालचा दोरा सरकवला आहे, त्याला हे वाचताना आपल्याच घरातली गोष्ट वाचल्यासारखं वाटेल. पत्रिका गेली, घोडी आली. बांबूची साल गेली, सुताचा दोरा आला. तत्त्व तेच राहिलं. जवारीची, म्हणजे तारेचा नाद असा खुलवण्याची, कल्पना किमान साडेसातशे वर्षांपूर्वी देवगिरीत नीट मापासकट लिहिली गेली होती.

एक गोष्ट मात्र रत्नाकरात नाही. वीणेचं माप आहे, लाकडाची जात आहे, बोटांचे व्यापार आहेत, राजाची स्तुती आहे. खैराचा तो दांडा कोरणाऱ्याचं नाव नाही. ग्रंथकर्त्याचा वंश मोठा, राजाचा दिमाख मोठा. ज्याच्या हातून वाद्य उतरलं तो मात्र नावाशिवायच राहिला. महाराष्ट्रातल्या तंतुवाद्यांच्या इतिहासात ही उणीव भरून निघायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं आणि ती भरून काढली मिरजेने.

देवगिरीहून मिरजेकडे येताना इतिहासाच्या वाटेत विजापूर लागतं. यादवांचं राज्य चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला संपलं, पण दख्खनमधला तारांचा नाद थांबला नाही. 1580 ते 1627 या काळात विजापूरच्या गादीवर असलेला दुसरा इब्राहिम आदिलशहा स्वतः वाजवणारा आणि गीतं रचणारा होता. ‘किताब-ए-नवरस’ हा त्याच्या पदांचा संग्रह. त्याला आपल्या तंबुराचा इतका लळा होता, की त्याने त्याला ‘मोतीखान’ असं नाव दिलं होतं. फर्रुखबेग या चित्रकाराने काढलेलं इब्राहिमचं तंबूर वाजवतानाचं चित्र आज प्रागच्या संग्रहालयात आहे. मिरजेचा किल्ला त्या वेळी आदिलशाहीच्याच मुलखात होता. म्हणजे वाद्याला नाव मिळालं, वाजवणाऱ्या राजाचं चित्र निघालं. वाद्य करणारा याही वेळी पडद्याआडच राहिला.

1761 मध्ये पेशव्यांकडून मिरज गोविंद हरी पटवर्धनांच्या ताब्यात आली. पटवर्धन हे लढवय्ये सरदार. त्यांच्या फौजेला हत्यारं लागत, आणि हत्यारांना शिकलगार. तलवारीला पाणी देणं, पातं घासून धारेला आणणं, मुठी बसवणं, गंज काढून पोलाद आरशासारखं करणं हे त्यांचं पिढीजात काम. 1818 साली पेशवाई बुडाली. पटवर्धनांनी इंग्रजांशी तह केला, संस्थान राहिलं, पण मोहिमा संपल्या. फौज नाही म्हटल्यावर शिकलगाराकडे तलवार घेऊन येणार कोण? लोहार नांगराकडे वळला, सुतार घरांकडे वळला. शिकलगारांपुढे मात्र पोटाचा प्रश्न उभा राहिला.

याच मिरजेत गाणं येऊन ठेपलं होतं. लढाया संपलेल्या संस्थानिकांनी दरबारात गवय्यांना आश्रय दिला. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गवय्ये हजेरी लावत. कीर्तनं होत, भजनं होत. गाणं आलं की तंबोरा आला, आणि तंबोरा आला की त्याची मोडतोडही आली. मिरजेत पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं ते असं : 1850 च्या सुमाराला फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या बंधूंकडे गवय्यांची बिघडलेली वाद्यं दुरुस्तीला येऊ लागली. वाद्य उघडून पाहिल्याशिवाय दुरुस्त होत नाही, आणि ते उघडून पाहणारा डोळा कारागिराचा असेल तर तो दुरुस्तीवर थांबत नाही. फरीदसाहेबांनी भोपळा पाहिला, दांडी पाहिली, घोडी पाहिली, सांधे कुठे आणि कसे बसवले ते पाहिलं आणि नवं वाद्य करायला घेतलं. शिकलगार घराणं सतारमेकर झालं. मिरजेतल्या सतारमेकर गल्लीचा उगम इथे आहे.

हत्यारं करणाऱ्याने वाद्यं करावीत हे ऐकायला नवल वाटतं. मला मात्र ते त्या हातांच्या अंगचंच वाटतं. तलवारीच्या धारेचं सगळं काम कानशीचं आणि नजरेचं. किती घासायचं आणि कुठे थांबायचं हे बोटांना कळावं लागतं. एक हात जास्त फिरला की धार गेली. तंबोऱ्याच्या घोडीचं कामही हुबेहूब असंच आहे. फरीदसाहेबांनी नवं लाकूडकाम शिकून घेतलं असेल, पण कानशीचं ज्ञान त्यांच्या घरात आधीपासून होतं. शिकायचा राहिला होता तो कान, आणि तो गवय्यांच्या संगतीत तयार झाला.

आता वाद्य कसं उभं राहतं ते जवळून पाहू, कारण या कलेचा इतिहास तिच्या कामाच्या रीतीतच साठलेला आहे.

सुरुवात शेतात होते. तंबोऱ्याचा भोपळा खायचा नसतो. तो कडू असतो आणि त्याची साल जाड असते. पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला या भीमेकाठच्या मुलखात तो पिकतो. वेल जमिनीवर पसरतो, फळ मोठं होऊ लागलं की शेतकरी ते एका अंगावर कलू नये म्हणून हळूच सरळ बसवतो, नाहीतर त्याची गोलाई बिघडते. पिकल्यावर ते वेलीवरच वाळू द्यायचं. मग मिरजेत ते माळ्यांवर महिनोन् महिने पडून राहतं. भोपळा जितका वाळलेला, तितका नाद मोकळा. कारागीर बोटाच्या टिचकीने भोपळा निवडतो. पुढे तो कापायचा, पाण्यात भिजवून आतला गर काढायचा, आत काठ्यांचे आधार देऊन हवा तो आकार धरवायचा आणि पुन्हा वाळवायचा. निसर्गाने दिलेला प्रत्येक भोपळा वेगळा, म्हणून प्रत्येक तंबोरा वेगळा. दोन तंबोऱ्यांची जोडी जुळवायची तर एकाच घेराचे, एकाच जाडीचे भोपळे शोधत बसावं लागतं.

दांडी आणि भोपळ्याच्या तोंडावर बसणारी तबली तुणीच्या लाकडाची. हे लाकूड हलकं, सरळ रेषेचं आणि नादाला चांगलं. मिरजेला ते कर्नाटकातल्या जंगलांतून येतं. दांडी आतून पोकळ करायची. भोपळा आणि दांडी यांना जोडणारा गळा हा सगळ्यात नाजूक सांधा, कारण चार तारांची सगळी ओढ तिथे येते. पुरुषी आवाजाचा तंबोरा साधारण पाच फूट, बायकांचा चार फुटांच्या आसपास. मग नक्षी : भोपळ्यावर कोरलेली पानं, कडांच्या पट्ट्या. जुन्या तंबोऱ्यांवर हस्तिदंत आणि सांबरशिंग दिसतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि पुढच्या बंदीनंतर हस्तिदंत सुटलं. त्या जागी सेल्युलॉइड आणि प्लास्टिक आलं. जुना मिरजी तंबोरा ओळखायची ही एक खूण आहे. शेवटी लाखेचं पॉलिश, थरावर थर.

इथवर आलं ते सुतारकाम. वाद्य अजून गात नाही. ते गातं जवारी लागल्यावर. कारागीर तंबोरा मांडीवर आडवा घेतो, तार छेडतो, ऐकतो, तार उचलून बाजूला सारतो आणि घोडीच्या माथ्यावर कानशीचे दोन-तीन हात फिरवतो. पुन्हा तार बसवतो, पुन्हा छेडतो. घोडीचा माथा वरून सपाट दिसतो. खरं तर त्याला डोळ्यांना न दिसणारा उतार असतो. तार थरथरताना त्या उतारावर घासत जाते आणि त्या घासण्यातून वरचे स्वर एकामागून एक उमलतात. उतार किंचित चुकला तर तार किरकिरते किंवा मुकी होते. वरून दोरा घालायचा आणि केसाएवढा पुढेमागे करायचा. एका क्षणी आवाज उघडतो. षड्ज छेडला तर त्यात गंधारही ऐकू येऊ लागतो. हे मापाच्या पट्टीने होत नाही. त्याला गवय्याचा कान आणि शिकलगाराचा हात एकाच माणसात असावा लागतो.

या घोडीची दखल विज्ञानानेही घेतली. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली तंबोरा आणि वीणा यांच्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तिथे ज्या उपस्वराची कंपनं शून्य असतात तो उपस्वर ऐकू येता कामा नये, असा पाश्चात्त्य तारवाद्यांचा नियम होता. आपल्या तंबोऱ्यात मात्र तो उपस्वर खणखणीत ऐकू येतो, आणि त्याचं कारण ही रुंद, वक्र घोडी आणि तो दोरा आहे, असं रामन यांनी दाखवलं. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत मांडलेली ही गोष्ट मिरजेच्या गल्लीत रोज हाताने घडत होती.

वाद्य तयार होत असलं तरी गिऱ्हाईक नसेल तर कला मरते. मिरजेचं भाग्य असं, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला महाराष्ट्रातल्या ख्यालगायनाचा मोठा ओघ याच गावातून वाहिला. ग्वाल्हेरची गायकी दक्षिणेत आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते. कुरुंदवाडचा, डोळ्यांना इजा झालेला विष्णू दिगंबर पलुस्कर हा मुलगा मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाने त्यांच्याकडे शिकला, 1896 मध्ये मिरज सोडून बाहेर पडला आणि 1901 साली त्याने लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. मिरजेतच जन्मलेले विनायकबुवा पटवर्धन यांनी 1932 मध्ये पुण्यात त्याच नावाची संस्था उभी केली. गाणं दरबारातून आणि कोठीतून मध्यमवर्गीयांच्या घरात आलं. जिथे पूर्वी एका संस्थानात चार तंबोरे पुरत, तिथे आता शाळेशाळेत आणि घराघरांत तंबोरा लागू लागला. मिरज हे रेल्वेचं जंक्शन झालं आणि वाद्यांना देशाची वाट मोकळी झाली.

त्यातच अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत आले. प्लेगच्या आजारातून मीरासाहेबांच्या कृपेने ते बरे झाले अशी आख्यायिका आहे. त्यांनी या गावाला आपलं मानलं हे खरं. त्यांच्या किराणा गायकीत सुराला जे स्थान आहे, त्यात तंबोरा हा साथीदार राहत नाही, तो गाण्याचा पायाच होतो. खाँसाहेब स्वतः वाद्यांची दुरुस्ती जाणत, जवारी जाणत. असा गवय्या गावात असला की कारागिराला परीक्षक घरचाच मिळतो. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये प्रवासात त्यांचं निधन झालं; त्यांचा देह मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केला. आजही उरुसात तिथल्या चिंचेच्या झाडाखाली गवय्ये हजेरी लावतात आणि तंबोरे गल्लीतूनच येतात.

त्या काळातला आणखी एक धागा थेट देवगिरीला जाऊन मिळतो. बावीस श्रुती दाखवण्यासाठी शार्ङ्गदेवाने प्रत्येकी बावीस तारांच्या दोन वीणा, एक स्थिर आणि एक चल, मांडल्या होत्या. मिरजेपासून हाकेच्या अंतरावर सांगलीत राहणाऱ्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोच श्रुतींचा प्रश्न हाती घेतला. क्लेमंट्स नावाचे इंग्रज अधिकारी त्यांच्या जोडीला होते, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या प्रयोगांचा आधार होता. या मंडळींनी श्रुतींची पेटी बनवून घेतली आणि 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली. पेटी मागे पडली. श्रुती ऐकायची तर आजही चांगल्या जवारीचा तंबोराच लागतो.

कारागिराचं नाव टिकलं तर काय होतं, ते दुसरीकडे पाहू. क्रेमोना या इटलीतल्या गावाचं नाव संगीतप्रेमींना ठाऊक असतं. तिथल्या अंतोनियो स्त्रादिवारीने, 1737 साली मृत्यू येईपर्यंत, व्हायोलिनं आणि चेलो घडवले. त्यातली साडेसहाशेच्या आसपास आज टिकून आहेत आणि त्यांच्या किमती कोट्यवधींत जातात. त्या किमतीत लाकूड आहे, हात आहे, आणि आणखी एक साधी गोष्ट आहे : प्रत्येक वाद्याच्या पोटात चिकटवलेली चिठ्ठी. तिच्यावर नाव, गाव आणि साल. त्या कागदामुळे वाद्याचा वंशवृक्ष मांडता येतो, खरंखोटं ठरवता येतं, कारागिराचा हात वर्षागणिक कसा बदलला हे अभ्यासता येतं. 2012 मध्ये युनेस्कोने क्रेमोनाच्या व्हायोलिनकलेला मानवतेचा वारसा म्हणून मान्यता दिली.

मिरजेच्या तंबोऱ्याचं वय सांगायला आपल्याकडे बहुतेक वेळा घरातल्या म्हाताऱ्या माणसाची आठवण एवढाच पुरावा असतो. त्यामुळे आपल्या जुन्या वाद्यांना मोल मिळालं नाही. भारतात वाद्य मोठं होतं ते वाजवणाऱ्याच्या नावाने. रविशंकरांची सतार सगळ्यांना ठाऊक. ती घडवणारे कोलकात्याचे नोदू मल्लिक सतारियांच्या वर्तुळाबाहेर कोणाला ठाऊक आहेत?

पुढचा काळ कारागिरांच्या कसोटीचा ठरला. 1979 मध्ये बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. पुढे तो पेटीतून मोबाइलमध्ये आला. प्रवासाला, रियाजाला ही सोय मोठी आहे, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण यंत्राचा स्वर हजार वेळा तोच येतो. लाकडाचा तंबोरा हवेच्या ओलाव्याने बदलतो, म्हणून गाणाऱ्याला तो रोज लावावा लागतो, आणि रोज लावताना त्याचा कान घडतो. तंबोरा लावता न येणारी पिढी आली, तर मिरजेच्या माणसाने जवारी चांगली लावली की वाईट, हे सांगणारंच कोणी उरणार नाही. कारागिराला खरी भीती याची आहे.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वेळच्या वृत्तांनुसार साडेचारशेहून अधिक कारागीर तिथे वाद्यनिर्मितीत होते. फरीदसाहेबांनी उघडलेलं एक दुकान पावणेदोनशे वर्षांत एवढं झालं, ही अभिमानाची गोष्ट आहे. मानांकन गावाच्या नावाला मिळतं; माणसाचं नाव मात्र आपल्यालाच जपावं लागेल.

हे मी मिरजेपासून दूर, मुकुंदवाडीत बसून लिहितो, त्याला कारण आहे. आपला मराठवाडा वीणेचा मुलूख आहे. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. पहारा संपला की विणेकरी पुढच्या विणेकऱ्याच्या पायाला हात लावतो, तोही वाकतो, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. झंकार थांबत नाही. ज्या वाद्याला आपण इतकं पूज्य मानतो, ते कोणी घडवलं हे मंडपात कोणी विचारत नाही. देवगिरीच्या दरबारातही कोणी विचारलं नव्हतं.

तेव्हा वाचकांना एक विनंती. घरात, भजनी मंडळात, देवळात, गायनाच्या वर्गात जुना तंबोरा, सतार किंवा वीणा असेल तर ती खाली उतरवा. दांडीवर, तबलीच्या आत, खुंट्यांच्या मागे नाव किंवा गाव लिहिलेलं आहे का पाहा. कोणी, कधी, कुठून आणली, हे घरातल्या थोरांना विचारा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. भोपळा तडकला म्हणून ती भंगारात देऊ नका. तडकलेला भोपळा सांधता येतो आणि बसलेली जवारी पुन्हा उघडता येते. दुरुस्तीला द्याल तेव्हा कारागिराचं नाव विचारा आणि त्याच्याच हातून वाद्याच्या पोटात नाव, गाव, साल लिहून घ्या. शार्ङ्गदेवाच्या ग्रंथात जे राहून गेलं, ते आपल्याला आपल्या घरात पूर्ण करता येईल.